तिन्हीसांजेचा न्याय

आमचा एक जुना विद्यार्थी संगणकाच्या आज्ञावली रचण्याचा व्यवसाय करतो. गेल्या वैशाखांत तो आमच्याकडे एक अडचण घेऊन आला. एका धर्मादाय विश्वस्त मंडळानें शिष्यवृत्तीसाठीं येणाऱ्या अर्जांची छाननी संगणकाकडे सोंपविण्याचें ठरविलें होतें, आणि त्याची आज्ञावली रचण्याचें काम या गृहस्थाकडे आलें होतें. मंडळाचा नियम जुना व सुटसुटीत होता: शिष्यवृत्ती 'गरजू आणि हुषार' विद्यार्थ्यास द्यावी. "सर," तो म्हणाला, "माणसाला हे शब्द कळतात, यंत्राला ते कसे सांगूं? मंडळी म्हणतात, उत्पन्न तीन लाखांच्या आंत आणि गुण शेंकडा साठ किंवा अधिक, असें लिहून टाका म्हणजे झालें. पण मला तसें लिहवत नाहीं."

त्याला तसें कां लिहवत नव्हतें, हें आम्हांस निराळें सांगावें लागलें नाहीं. वीस-बावीस वर्षांपूर्वीं आम्ही स्वतः अशाच एका समितीवर होतों. एका मुलीचा अर्ज आमच्यापुढें आला. वडील वारलेले, आई शिवणकाम करून घर चालवी, आणि मुलीचे गुण होते शेंकडा ५९.८. नियम साठांचा होता. आम्हीं तांबड्या शाईनें अर्जावर काट मारली व पुढचा अर्ज हातीं घेतला. त्या क्षणीं आमच्या मनास कांहींच टोंचलें नाहीं. उलट नियम निःपक्षपातानें पाळल्याचें समाधानच वाटलें. टोंचणी लागली ती फार पुढें, आणि ती अद्याप गेलेली नाहीं. प्रस्तुत लेखाचा विषय वरवर पाहतां यंत्रांचा दिसेल. परंतु आमच्या दृष्टीनें तो त्या तांबड्या रेघेचा आहे.

साठ गुण मिळविणारा हुषार आणि ५९.८ मिळविणारा हुषार नव्हे, असें खरोखर कोणी मानतो काय? कोणीच मानीत नाहीं. हें कोडें जुनें आहे. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांतील मिलीटसचा युबुलिडीस या ग्रीक तत्त्वज्ञाच्या नांवावर तें सांगितलें जातें. धान्याच्या ढिगांतून एक दाणा काढला तर ढीग ढीगच राहतो. आणखी एक काढला तरीही राहतो. मग कोणता दाणा काढल्यानें ढिगाचा ढीगपणा नाहींसा होतो? दाणा दाखवितां येत नाहीं, आणि तरीही शेवटीं ढीग उरत नाहीं. ॲरिस्टॉटलच्या परंपरेंतील तर्कशास्त्र म्हणतें कीं कोणतेंही विधान एकतर सत्य असतें वा असत्य. तिसरा पक्ष नाहीं. जॉर्ज बूल यानें १८५४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत या तर्काला बीजगणिताचें रूप दिलें, आणि आजचा संगणक त्याच शून्य व एक यांच्या पायावर उभा आहे. ढिगाचें कोडें या दोन घरांत कोठेंच बसत नाहीं.

हिरण्यकशिपूची कथा आपल्या घरांतील मुलेंही जाणतात. दिवसा मरण नको, रात्रीं नको. घरांत नको, घराबाहेर नको. माणसाच्या हातून नको, पशूच्या हातून नको, असा वर त्यानें मागून घेतला. दैत्य मोठा तर्कशुद्ध होता. प्रत्येक जोडींतील दोन्ही पक्ष बंद केले म्हणजे मृत्यूस वाट उरणार नाहीं, हा त्याचा हिशेब. आणि तिसरा पक्ष नाहीं हें गृहीत धरलें तर त्या हिशेबांत चूक काढतां येत नाहीं. परंतु तिन्हीसांज होती, उंबरठा होता, आणि नरसिंह होता. जगांत सांधे असतात, आणि दोनच घरांच्या हिशेबानें चालणाऱ्याला ते ऐन वेळीं गांठतात, हा त्या कथेचा एक अर्थ आम्हांस दिसतो.

या सांध्यांना गणितांत स्थान देण्याचा मान लोत्फी झादे यांचा. बाकू येथें १९२१ साली जन्मलेले हे अभियंते अमेरिकेंतील बर्कली येथें प्राध्यापक होते. २०१७ साली ते निवर्तले. १९६५ साली त्यांनीं एक निबंध प्रसिद्ध केला आणि त्यांतून पुढें जी विद्या वाढली तिला फझी लॉजिक हें नांव पडलें. आपण तिला धूसर तर्कशास्त्र म्हणूं. तिची मूळ कल्पना अगदीं साधी आहे. अमुक मनुष्य उंच आहे कीं नाहीं असें न विचारतां, 'उंच' या वर्गांत तो कितपत मोडतो असें विचारावें, आणि उत्तर शून्य व एक यांच्या दरम्यान कोठेंही येऊं द्यावें. ही नुसती पंडिती करमणूक राहिली नाहीं. १९७४-७५ च्या सुमारास लंडन येथें ममदानी व त्यांचे सहकारी असिलियन यांनीं 'दाब बराच जास्त असेल तर उष्णता थोडी कमी करावी' अशा धर्तीच्या, कसबी कामगाराच्या तोंडीं शोभणाऱ्या नियमांनीं एक लहान वाफेचें यंत्र चालवून दाखविलें. १९८७ साली जपानांतील सेंदाई शहरीं सुरू झालेल्या भुयारी रेल्वेंत गाडीचा वेग व थांबणें याच तर्कानें सांभाळलें जाऊं लागलें. विद्वानांचा विरोधही पुष्कळ झाला. काल्मन यांच्यासारख्या नामवंत शास्त्रज्ञानें हा वैचारिक ढिलेपणा आहे अशी कडक टीका केली.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. हा 'कितपत' म्हणजे शक्यता नव्हे. उद्यां पाऊस पडेल याची शक्यता निम्मी आहे असें आपण म्हणतों तेव्हां आपलें ज्ञान अपुरें असतें. उद्यांची संध्याकाळ त्याचा निकाल लावते. उलट एखादा मुलगा निम्मा उंच आहे असें म्हटलें तर फूटपट्टीनें मोजूनही तो निकाल लागत नाहीं, कारण अपुरें असें कांहीं नसतेंच. धूसरपणा त्या शब्दाच्या अर्थांतच आहे. 'चिमूटभर मीठ' या शब्दांत स्वयंपाकिणीचें अज्ञान नसतें. तिच्या कामाला लागणारी सगळी अचूकता त्यांत असते.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. आमच्या विद्यार्थ्यानें कागद पुढें ओढला आणि आम्हीं दोघांनीं मिळून मापें ठरविलीं. दोन लाख वा त्याहून कमी उत्पन्न असेल तर गरज पूर्ण एक, चार लाखांस शून्य, मध्यें सरळ उतार. गुण पन्नास असतील तर हुषारी शून्य, सत्तरांस एक. मग दोन काल्पनिक अर्जदार घेतले. त्यांतील मुलगी कोणाच्या आठवणीनें घेतली हें वाचकांस सांगणें नको. तिचें उत्पन्न २,२०,००० आणि गुण ५९.८, म्हणजे गरज ०.९, हुषारी ०.४९. मुलाचें उत्पन्न २,९०,००० आणि गुण बरोबर साठ. म्हणजे गरज ०.५५, हुषारी ०.५०. जुन्या नियमानें मुलगा आंत, मुलगी बाहेर. नव्या तर्कांत तिला न्याय मिळेल, अशी आमची खात्री होती.

'गरजू आणि हुषार' यांतील 'आणि' कसा मोजावा याविषयीं झादे यांचा मूळ संकेत असा कीं दोहोंपैकीं लहान अंक घ्यावा. तसा घेतला, तों मुलीचा अंक आला ०.४९ आणि मुलाचा ०.५०. मुलगी पुन्हां बाहेर! तिची गरज एवढी मोठी असून हिशेबांत तिची दखलच घेतली गेली नाहीं. "दुसरी रीतही आहे, सर," विद्यार्थी म्हणाला, "दोन अंकांचा गुणाकार करावयाचा." तो केला. मुलीचा ०.४४१, मुलाचा ०.२७५. आतां मुलगी पुष्कळच पुढें गेली. दोन्ही रीती शास्त्रांत मान्य आहेत; गणितांत दोहोंतही दोष नाहीं.

आम्ही बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिलों. एका मुलीचें शिक्षण 'आणि' या अव्ययाच्या अर्थावर लटकलें होतें, आणि तो अर्थ गणित सांगत नव्हतें. उत्पन्नाचा उतार दोन लाखांपासून सुरू करावा कीं अडीच लाखांपासून, हेंही गणित सांगत नव्हतें. तें आम्हींच ठरविलें होतें, चहा पितां पितां. धूसर तर्कानें मनुष्याची निवड नाहींशी होत नाहीं. ती रेघेंतून निघून उतारांत आणि अव्ययांत जाऊन बसते. तेथें ती सामान्य जनांस दिसत नाहीं, हा तर अधिकच धोका. साठांची रेघ निदान सर्वांस वाचतां येत होती, ०.४४१ या अंकापुढें एखादी शिवणकाम करणारी आई काय बोलणार?

मग जुनी रेघच बरी, असें कोणी म्हणतील. त्यांच्या म्हणण्यांत तथ्य आहे. रेघांवांचून समाजाचा व्यवहार चालत नाहीं. मतदानाचा हक्क 'पुरेशा जाणत्या' मनुष्यास द्यावा असा कायदा केला तर जाणता कोण हें सत्ताधारी ठरवतील; म्हणून वयाची रेघ हवी. परंतु तीच रेघ आपल्या देशांत १९८९ साली एकवीस वर्षांवरून अठरांवर आली, तेव्हां तरुण पिढी एका रात्रींत तीन वर्षांनीं प्रौढ झाली नाहीं. रेघ आपण सरकविली. रेघ ही सोय आहे. तिला सत्य समजणें हें पाप, आणि आमच्या हातून तेंच घडलें होतें. नियमाप्रमाणें ती मुलगी बसत नव्हती, एवढें म्हणणें खरें होतें. ती हुषार नाहीं असें आमच्या मनानें त्या पाठोपाठ मानून टाकलें, तें खोटें होतें. तें खोटें आम्हांस सोयीचें होतें, कारण त्यामुळें काट मारणारा हात आमचा न राहतां नियमाचा झाला. याच्या उलट, सर्वच धूसर आहे असें म्हणून निर्णयच न घेणाराही दोषी ठरतो. शिष्यवृत्त्या बारा आणि अर्ज दोनशें असले म्हणजे कोणास तरी नाहीं म्हणावेंच लागतें.

धूसर तर्कशास्त्राचा खरा उपयोग आम्हांस येथें दिसतो. तो न्यायाचा नव्हे, कबुलीचा आहे. 'नाहीं' म्हणतांना 'कितपत नाहीं' हें लपवूं नये, एवढी शिस्त तें लावतें. म्हणून आम्हीं विद्यार्थ्यास सांगितलें: उतार कोठें सुरू होतो व 'आणि' कसा मोजला, हें मंडळाकडून साध्या मराठींत लिहून सहीनिशीं घे आणि अर्जाबरोबर छापून दे. आणि रेघेच्या अलीकडे-पलीकडे ज्यांचे अंक अगदीं जवळ येतील, त्यांचा निकाल यंत्राकडून लावूं नको. तीं नांवें निराळ्या कागदावर काढ, आणि मंडळींनीं त्या मुलांस समोर बसवून दोन शब्द बोलावें अशी अट घाल.

"मंडळी कुरकुरतील, सर," तो म्हणाला. "यंत्र कशाला घेतलें मग, असें म्हणतील."

"म्हणूं देत," आम्हीं म्हटलें. "दोनशांतले पावणेदोनशें अर्ज यंत्र निकालांत काढील. उरलेल्या पंचविसांसाठींच समिती नेमलेली असते."

त्यानें कागदाची घडी करून खिशांत ठेवली आणि तो उठला. बाहेर दिवेलागणीची वेळ झाली होती. पलीकडच्या घरांत दिवा लागला होता, आमच्या घरांत अजून लागला नव्हता, आणि दोघांपैकीं कोणाचें चुकलें असें म्हणतां आलें नसतें.