चव्वेचाळीस नंबरची जर्सी

अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात सिराक्यूज विद्यापीठ आहे. त्याचा पिन कोड १३२४४. त्यातले शेवटचे दोन आकडे विद्यापीठाने हौसेने मागून घेतले आहेत, कारण ४४ हा तिथल्या फुटबॉल संघातल्या एका जर्सीचा नंबर. हा फुटबॉल आपल्याकडचा नव्हे. यात चेंडू बगलेत दाबून, अंगावर येणाऱ्या धिप्पाड गड्यांना चुकवत किंवा सरळ धडक देत धावायचं असतं.

जिम ब्राऊन १९५४ ते १९५६ या जर्सीत धावला. १९५६ मध्ये कोलगेट विद्यापीठाविरुद्ध त्याने सहा टचडाऊन केले, म्हणजे सहा वेळा चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेला, वर सात जादा किकही स्वतःच मारल्या. प्रत्येक टचडाऊनचे सहा आणि किकचा एक, म्हणजे एकट्याचे ४३ गुण. जर्सीवरच्या आकड्याला एकच कमी पडला! तरी त्या वर्षी हाइसमन करंडकाच्या, म्हणजे विद्यापीठ फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूच्या, मतदानात तो पाचवा आला. कृष्णवर्णीय खेळाडूला तो करंडक तोवर कधीच मिळाला नव्हता.

तो मिळाला १९६१ मध्ये, एर्नी डेव्हिसला, आणि त्याच्याही अंगावर ४४ च होता. डेव्हिसला सिराक्यूजला येण्यासाठी ब्राऊनने गळ घातली होती. पुढे डेव्हिसने तेच केलं, फ्लॉइड लिटल नावाच्या पोराच्या मागे लागला. लिटलला इतर ठिकाणचीही बोलावणी होती आणि त्याचं काही ठरत नव्हतं. १८ मे १९६३ रोजी रक्ताच्या कर्करोगाने डेव्हिस गेला, वयाच्या तेविसाव्या वर्षी, एकही व्यावसायिक सामना न खेळता. ती बातमी कळल्यावर लिटलने सिराक्यूज पक्कं केलं. तो तीन हंगाम खेळला आणि तिन्ही वर्षी देशातल्या सर्वोत्तम विद्यापीठ खेळाडूंच्या मानाच्या यादीत आला.

आता विचार करा, १९५६ नंतर कुणी म्हटलं असतं की ब्राऊनची बरोबरी कोण करणार, जर्सी काचेत लावा, तर? ब्राऊनचं नाव राहिलंच असतं, पण ४४ ला आज जे वजन आहे ते आलं नसतं. ते एकट्या ब्राऊनचं नाही. पुढच्याच्या हाती दिल्यामुळे ते वाढत गेलं.

यावर नेहमीचं उत्तर असं की पोरांवर नावाचं ओझं येतं. येतंच. पण १९८७ मध्ये मायकेल ओवेन्स नावाच्या ४४ नंबरवाल्याने वेस्ट व्हर्जिनियाविरुद्ध अगदी शेवटच्या क्षणी दोन गुणांची मुसंडी मारली आणि सिराक्यूजने ३२-३१ असा सामना घेतला. त्यामुळे हंगाम अपराजित राहिला. ओवेन्सचं नाव त्या तिघांच्या पंगतीत कुणी घेत नाही, तरी ओझ्याखाली तोही दबला नाही. दुसऱ्या एका ठिकाणीही ही रीत आहे: लुइझियाना स्टेट विद्यापीठाच्या फुटबॉल संघात १८ नंबर आजही हाताहाती जातो. २००३ च्या विजेत्या संघाचा मॅट मॉक तो घालायचा; तेव्हापासून ज्याच्या वागण्यावर संघाचा भरवसा, त्याला तो मिळतो.

सिराक्यूजने मात्र २००५ मध्ये ४४ निवृत्त केला. सन्मान म्हणून ठीक, पण ज्या रीतीने तो नंबर मोठा झाला तीच बंद पडली.

आपल्याकडेही हेच झालं. २०१७ मध्ये पालघरचा क्रिकेटपटू शार्दूल ठाकूर श्रीलंकेत सचिन तेंडुलकरचा १० नंबर घालून उतरला आणि सचिनच्या चाहत्यांनी त्याला धारेवर धरलं. त्याने नंबर बदलला, आणि तो १० भारतीय क्रिकेट मंडळाने पुढे कुणाला दिला नाही. सचिनच्या धावा शार्दूलच्या पाठीवरच्या आकड्याने एकानेही कमी होणार नव्हत्या. मंडळाने १० पुन्हा खुला करावा, आणि तो कुणाला द्यायचा हे सचिनलाच ठरवू द्यावं.