कल्पिताची मुभा आणि खरे नाव

ललितकृतीतील विधानांना सत्यासत्यतेचे निकष लावू नयेत, हे मत आपल्या समीक्षाव्यवहारात गृहीतकासारखे वावरत असते. कलाकृतीचे विश्व स्वायत्त असते, ते अंतर्गत संगतीने सिद्ध होते, त्याची लौकिक वस्तुस्थितीशी पडताळणी करणे अप्रस्तुत होय, असे आपण विद्यार्थ्यांना शिकवतोही. ही भूमिका कोठवर टिकते, हे तपासण्याची संधी बुद्धिबळावरील एका दूरचित्रवाणी मालिकेने व तिच्याविषयीच्या मतमतांतरांनी दिली आहे.

'द क्वीन्स गॅम्बिट' ही सात भागांची मालिका नेटफ्लिक्सने ऑक्टोबर २०२० मध्ये प्रसारित केली. तिला वॉल्टर टेव्हिस यांच्या १९८३ सालच्या कादंबरीचा आधार असून दिग्दर्शन स्कॉट फ्रँक यांचे आहे. अमेरिकेतील केंटकी राज्यातल्या एका अनाथाश्रमाच्या तळघरात रखवालदाराकडून बुद्धिबळ शिकलेली बेथ हार्मन अखेरीस १९६८ साली मॉस्कोत सोव्हिएत विश्वविजेत्याला हरवते. पहिल्या २८ दिवसांत ही मालिका ६ कोटी २० लाख घरांत पाहिली गेल्याचे प्रसारकांनी जाहीर केले. २०२१ मध्ये तिला ११ एमी पारितोषिके मिळाली.

प्रेक्षक व समीक्षक या दोहोंच्या स्तुतीत एक मुद्दा सातत्याने आढळतो: मालिकेतले बुद्धिबळ खरे आहे. एरवी पडद्यावर पट उलटा मांडलेला असतो, सोंगट्या वाटेल तशा सरकतात. येथे मात्र गॅरी कास्पारॉव्ह व ब्रूस पँडोल्फिनी हे सल्लागार होते आणि पडद्यावरचे डाव प्रत्यक्ष खेळल्या गेलेल्या डावांवरून घेतलेले होते. म्हणजे या कृतीच्या आस्वादाचा एक महत्त्वाचा आधार तिची तथ्यनिष्ठा हाच होता. स्वायत्ततेचा सिद्धान्त येथे स्वतः प्रेक्षकांनीच बाजूला ठेवला होता.

तथापि तथ्यनिष्ठा म्हणजे तपशिलाची गुलामगिरी नव्हे. बेथचा अखेरचा डाव इव्हानचुक आणि वुल्फ यांच्यात १९९३ साली बील येथे झालेल्या डावावर बेतलेला आहे. मूळ डाव बरोबरीत सुटला होता. मालिकेसाठी त्याला वेगळी, निर्णायक कलाटणी देण्यात आली. पंचवीस वर्षांनंतरचा डाव १९६८ मध्ये आणून बसवणे हा उघड कालविपर्यास. पण जाणकारांना त्याचा राग आला नाही, उलट तो ओळखण्यात त्यांना आनंद वाटला. ते योग्यच होते. त्या उसनवारीने कोणाचे काही हिरावले जात नव्हते.

अखेरच्या भागातील एका वाक्याची गोष्ट निराळी आहे. मॉस्कोतील सामन्याचे वर्णन करणारा निवेदक सांगतो की, बेथचे स्त्री असणेही रशियात सर्वस्वी अपूर्व नाही, कारण तेथे नोना गाप्रिंदाश्विली आहेत. परंतु त्या महिलांच्या विश्वविजेत्या असून पुरुषांशी कधीच खेळलेल्या नाहीत. गाप्रिंदाश्विली हे कल्पित पात्र नव्हे. १९४१ मध्ये जॉर्जियात जन्मलेल्या या खेळाडू १९६२ ते १९७८ पर्यंत महिलांच्या जगज्जेत्या होत्या आणि १९७८ मध्ये ग्रँडमास्टर हा किताब मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. १९६८ पूर्वीच त्या अनेक पुरुष खेळाडूंशी, त्यांत ग्रँडमास्टरांशीही, खेळल्या होत्या. टेव्हिस यांच्या कादंबरीत याच जागी नेमके उलट विधान आहे: त्या स्पर्धेच्या तोडीच्या नसल्या, तरी रशियन ग्रँडमास्टरांशी त्यांची अनेकदा गाठ पडलेली आहे, असे तेथे म्हटले आहे.

गाप्रिंदाश्विली यांनी सप्टेंबर २०२१ मध्ये अमेरिकेत अब्रुनुकसानीचा दावा लावला. कलाकृती कल्पित आहे, हा प्रसारकांचा बचाव जानेवारी २०२२ मध्ये न्यायालयाला दावा फेटाळण्यास पुरेसा वाटला नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये तडजोड झाली. कायद्याचा भाग तेथे संपला. नैतिक प्रश्न मात्र समीक्षेकडे उरतो.

येथे दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, हे विधान लेखकाचे नसून पात्राचे आहे आणि पात्राला चुकण्याचा अधिकार असतो. हा आक्षेप तत्त्वतः मान्य करूनही असे म्हणावे लागते की, निवेदक अविश्वसनीय असल्याची कोणतीही खूण संहितेत नाही. ज्यांना बुद्धिबळ कळत नाही अशा बहुसंख्य प्रेक्षकांना माहिती पुरवणे हेच त्या आवाजाचे कार्य आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. खऱ्या व्यक्तींची नावे घेणाऱ्या कलाकृतींना असे बांधून घातले तर 'घाशीराम कोतवाल'चे (१९७२) काय? नाना फडणवीसांच्या चित्रणावरून आपल्याकडे जो वाद झाला, त्यात कलास्वातंत्र्याची बाजू घेणारे आज आपला शब्द फिरवणार काय? माझ्या मते तशी गरज नाही. तेंडुलकरांच्या नाटकात माणसांची भिंत, नृत्य, कीर्तन हा रूपबंधच आपण इतिहास सांगत नसल्याचे क्षणोक्षणी जाहीर करतो. प्रस्तुत मालिकेचा करार वेगळा आहे. निदान पटासंबंधी तरी 'माझ्यावर विश्वास ठेवा' असे ती सांगते, आणि त्याच क्षेत्रात एका हयात व्यक्तीच्या आयुष्यभराच्या कर्तृत्वाविषयी असत्य बोलते. सत्याचे श्रेय घ्यायचे आणि जाब विचारला की कल्पिताचा आश्रय घ्यायचा, ही दुहेरी मुभा कोणत्याही सौंदर्यशास्त्रीय भूमिकेतून निष्पन्न होत नाही.

हा बदल केला कशासाठी, हे पाहिले की दोषाचे स्वरूप स्पष्ट होते. कादंबरीतला उल्लेख नायिकेचे अपूर्वत्व कमी करतो. मालिकेतला ते वाढवतो. या संदर्भात अन्य दोन टीका लक्षणीय आहेत. पुरुषांच्या स्पर्धांतच आपली कारकीर्द घडवलेल्या ज्युडिट पोल्गार यांना मालिकेतले पुरुष प्रतिस्पर्धी वास्तवापेक्षा फार सौजन्यशील वाटले. काही समीक्षकांनी दाखवून दिले की, जोलीन ही कृष्णवर्णीय मैत्रीण मुख्यतः नायिकेला सावरण्यापुरतीच अवतरते. हे तीन आक्षेप सुटे नाहीत. मार्गात वैरभाव नाही, सोबतीला स्वतंत्र आयुष्य नाही आणि मागे कोणी पूर्वसूरी नाही, अशी एकाकी प्रतिभा उभी करण्यासाठी आजूबाजूची जागा रिकामी केली गेली आहे.

'पुरुषांशी खेळणे' हा तपशील क्षुल्लक वाटत असेल तर आपल्या जवळचे उदाहरण आठवावे. १९७६ मध्ये मुंबईच्या रोहिणी खाडिलकर भारतातील पुरुषांच्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत उतरल्या तेव्हा वादंग माजून प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि स्त्रियांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही, असा निर्वाळा जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स यूव्ह यांना द्यावा लागला. पुरुषांसमोर पटावर बसणे हा भांडून मिळवलेला हक्क होता. ज्या स्त्रीने तो बजावला तिच्याविषयी 'ती कधी बसलीच नाही' असे म्हणणे म्हणजे तिच्या चरित्रातील सर्वांत कष्टाचा भाग पुसणे होय.

यावरून एक मर्यादित निकष सुचवता येईल. कल्पिताने वास्तवापासून दूर जाणे हा दोष नाही. त्याविना कल्पित संभवतच नाही. मात्र कृती ज्या बाबतीत विश्वास मागते त्याच बाबतीत खऱ्या नावाच्या माणसाकडून काही काढून घेते आणि ते आपल्या पात्राला देते, तेव्हा तो दोष ठरतो. आणि तो केवळ नैतिकही नाही. पूर्वसूरींसह उभी असलेली बेथ अधिक गुंतागुंतीची, अधिक विश्वसनीय नायिका झाली असती. टेव्हिस यांच्या एका वाक्याने ती शक्यता उपलब्ध करून दिली होती. रूपांतरकारांनी ती नाकारली.