बुडालेल्या चांदीचा हिशेब

आमच्या कुरुळीपासून समुद्र पुष्कळ दूर. येथे कारखाने आहेत आणि रस्त्यावर वजनकाटे आहेत. भरलेली गाडी काट्यावर चढते, आकडा उमटतो, व्यवहार पुरा होतो. पण जे काट्यावर चढतच नाही, त्याचे मोल कसे ठरवावे? ‘तिलावा’ बोटीची हकीकत वाचल्यापासून हा प्रश्न मला सोडीत नाही.

२० नोव्हेंबर १९४२ रोजी ही बोट मुंबईहून आफ्रिकेकडे निघाली. २३ तारखेस जपानी पाणबुडीने पाणतीर मारून ती बुडविली. २८० माणसे गेली. तिच्या पोटात चांदीच्या २,३६४ विटा होत्या; वजन सुमारे ६० टन. दक्षिण आफ्रिकेत त्यांची नाणी पडावयाची होती.

बोट सुमारे अडीच किलोमीटर खोल जाऊन बसली. हेलियम मिसळलेली हवा घेऊन उतरणारा निष्णात पाणबुड्याही तेथवर पोचत नाही. तेथे यंत्रेच जातात. २०१७ साली एका ब्रिटिश कंपनीने ती चांदी वर काढली आणि मोबदला मागितला. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारवर असा दावा चालणार नाही, असा निकाल ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली दिला. कायद्याचे काम तेथे संपले.

नीतीचे संपले काय? काढणाऱ्यांना लोभी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण तळाशी पडलेली चांदी कोणाच्या उपयोगाची होती? शिवाय बोटीचा ठाव लागला तो चांदीच्या शोधामुळेच. आप्तांच्या शोकाला जे साधणे शक्य नव्हते ते लोभाने साधले, हे कबूल करताना जीव अवघडतो. तरी ते खरे आहे.

म्हणून मला वाटते, घेण्यात पाप नाही. घेऊन हिशेब मिटविण्यात आहे. विटा एकेक मोजल्या गेल्या. त्या माणसांसाठी मात्र कोणी मोबदल्याचा दावा लावीत नाही. जेथे माणसे निजली आहेत तेथून धन उचलणाऱ्यावर एक ऋण चढते: ती जागा त्यांच्या वंशजांना सांगावी, पाहिलेले दाखवावे, उरलेले तसेच निजू द्यावे.

धनत्रयोदशीला आपण घरात धनाची पूजा करतो आणि त्याच सांजेला दाराबाहेर दक्षिणेकडे तोंड करून यमासाठी दिवा लावतो. वाडवडिलांनी ही दोन्ही कामे एकाच तिथीला ठेवली. पूजा कितीही थाटाची होवो, तो दिवा लावल्यावाचून ती सांज पुरी होत नाही.