नकलेचा गुन्हा कोणता?

कल्याणहून कर्जतकडे जाणारी लोकल विठ्ठलवाडी सोडते, मग उल्हासनगर, मग अंबरनाथ, मग बदलापूर. या तीन गावांच्या पट्ट्यात माझे आयुष्य गेले. अंबरनाथला १९५३ पासून संरक्षण खात्याचा एक कारखाना आहे, त्याचे नावच मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी. प्रोटोटाइप म्हणजे पहिला नमुना. ज्यावरून पुढचे सगळे नग उतरवायचे तो. आणि त्याच्या एक स्टेशन अलीकडे उल्हासनगर. त्याचे नाव काढले की मुंबईचा माणूस हसून म्हणतो, 'मेड इन यूएसए'. म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. परदेशी मालाची हुबेहूब नक्कल करायची, त्यावर यूएसए छापायचे, आणि कोणी पकडलेच तर हा खुलासा पुढे करायचा, असा तो किस्सा. लोकलच्या डब्यात मी तो शंभर वेळा ऐकला असेन.

मूळ नमुन्याचे गाव आणि नकलेचे गाव, मध्ये पाच-सात मिनिटांचा प्रवास. पहिल्याला आपण इज्जत देतो, दुसऱ्याला हसतो. हे हसणे कितपत न्यायाचे आहे, हा प्रश्न मला फार दिवसांपासून छळतो आहे. मी पेशाने मशीन ड्रॉइंग काढणारा. माझ्या धंद्यात नक्कल हा शब्द शिवी नाही. परदेशी यंत्राचा झिजलेला भाग समोर ठेवायचा, व्हर्नियरने मापे घ्यायची, ड्रॉइंग उतरवायचे आणि इथल्या लेथवर नवा भाग काढायचा, यावर एमआयडीसीतील कित्येक लहान वर्कशॉपची चूल पेटते. आणि शौक म्हणाल तर विज्ञानकथा, अंतराळातल्या टीव्ही मालिका आणि व्हिडिओ गेम. वयाला न शोभणारा शौक आहे, हे घरातल्या सर्वांनी सांगून झाले आहे.

आधी उल्हासनगरची बाजू. दुसऱ्या महायुद्धात तिथे लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्या बराकींत ठेवले गेले आणि १९४९ मध्ये छावणीला उल्हासनगर हे नाव मिळाले. आजही पत्ता सांगताना माणसे कॅम्प एक, कॅम्प तीन, कॅम्प पाच असेच म्हणतात. घरदार, दुकान, गाव मागे टाकून आलेल्या माणसाकडे ना भांडवल होते ना पेटंट. त्याने समोर दिसेल ते बनवायला घेतले. बिस्किटे, लोणची, कापड, फर्निचर, पुढे जीन्स. जगातला प्रत्येक कारागीर आधी नक्कल करूनच शिकतो. मूलसुद्धा 'अलिफ'वर बोट फिरवूनच लिहायला शिकते.

आपल्या इतिहासात तर नकलेला मोठाच मान होता. बगदादच्या बाजारात वर्राकांची, म्हणजे ग्रंथांच्या नकला करून विकणाऱ्यांची दुकाने होती. ज्याच्या 'फिहरिस्त'मुळे त्या काळातल्या हजारो ग्रंथांची नावे तरी आपल्यापर्यंत पोहोचली, तो इब्न अल्-नदीम वर्राकच. ९८७ साली त्याने ही सूची लिहिली. प्रकाशशास्त्राचा बादशहा इब्न अल्-हैसम कैरोत युक्लिडच्या आणि टॉलेमीच्या ग्रंथांच्या नकला करून पोट भरत असे, असे त्याचे चरित्रकार सांगतात. युक्लिड काही त्याच्याकडे रॉयल्टी मागायला आला नाही. पण या परंपरेतली एक गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. नक्कल करणाऱ्याने ग्रंथकर्त्याचे नाव बदलायचे नाही. पुढे शिकवायचे तर उस्तादासमोर वाचून दाखवून इजाजा घ्यायचा, आणि उस्ताद कोण, उस्तादाचा उस्ताद कोण, ही साखळी सांगायची. मजकूर सर्वांचा, नाव मात्र ज्याचे त्याचे.

माझा भाचा उल्हासनगरात मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करतो. आमचे या विषयावर नेहमी वाजते. तो म्हणतो, "मामू, कॉपी म्हणजे चोरी कशी? मी तुमची सायकल नेली तर तुम्ही पायी जाल. तुमचा गेम कॉपी केला तर तुमच्याकडचा गेम तसाच राहतो. मग गेले काय?" बदलापूरचे नाव तिथे प्रवासात घोडे बदलत असत त्यावरून पडले असे सांगतात. भाच्याच्या हिशेबाने घोडा न बदलताच दुसरा घोडा मिळत असेल, तर पहिल्याच्या मालकाने कुरकुर का करावी?

हा मुद्दा पोरकट नाही. फिक्हमध्ये चोरीची जी व्याख्या आहे, त्यात कोणीतरी राखून ठेवलेली वस्तू गुपचूप उचलून नेणे लागते. नकलेत काही उचलून नेले जात नाही. म्हणूनच गेल्या शतकातल्या देवबंदी परंपरेतील काही मोठ्या उलेमांनी हक्क-ए-तस्नीफ ही विकण्याजोगी मालमत्ता आहे हे मान्य केले नव्हते. इल्म दाबून ठेवायची चीज नाही, ही त्यामागची धारणा. दुसरीकडे १९८८ मध्ये कुवेतला भरलेल्या आंतरराष्ट्रीय फिक्ह अकादमीच्या बैठकीने लेखन, शोध आणि व्यापारी नाव यांवरचे हक्क शरियतच्या दृष्टीने रक्षणीय ठरवले. म्हणजे दोन्ही बाजूंना दाढी पिकलेली माणसे आहेत. आपल्या देशाचा १९५७ चा कॉपीराइट कायदा मात्र स्पष्ट आहे. नक्कल केलेला संगणक प्रोग्राम जाणूनबुजून वापरला तर कमीत कमी सात दिवस आणि जास्तीत जास्त तीन वर्षे कैद. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायाधीश कैद माफ करू शकतात.

मला वाटते, चोरी आहे की नाही या वादात आपण चुकीच्या दारावर थाप मारतो. जे गेले ते शोधण्यापेक्षा जे सांगितले ते तपासावे. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला आणि आत ओल लागली, ही हदीस आपण सर्वांनी मदरशात ऐकली आहे. दुकानदार म्हणाला, पाऊस लागला. मग ओले धान्य वर का नाही ठेवले, लोकांना दिसले असते, असे त्याला सांगण्यात आले. ओले धान्य विकू नकोस, असे सांगितले नाही. लपवू नकोस, असे सांगितले. 'मेड इन यूएसए'चा किस्सा या कसोटीवर लावून पाहा. शब्द खरा आहे, गिऱ्हाइकाने मात्र खोटे समजावे यासाठीच तो निवडला आहे. याला आपल्याकडे तौरिया म्हणतात. जालिमापासून एखाद्याचा जीव वाचवताना त्याला जागा आहे, दुसऱ्याच्या खिशात हात घालताना नाही. ती वस्तू टिकाऊ असेल, अमेरिकन मालाहून चांगलीही असेल. माझी तक्रार वस्तूबद्दल नाहीच.

नाव लपवणे प्रत्येक वेळी वाईट असते असेही नाही. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला 'कृष्णविवर' नावाची कथा आली, लेखक नारायण विनायक जगताप. ते होते जयंत विष्णु नारळीकर. आद्याक्षरे उलटी केली होती. परीक्षकांनी नाव पाहून झुकू नये म्हणून हा खटाटोप, आणि कथेला बक्षीस मिळाले. मराठी विज्ञानकथेला जी प्रतिष्ठा आली, त्यात त्या बक्षिसाचा वाटा मोठा आहे. लपवणे दोन्हीकडे आहे. एकाने मोठे नाव झाकले, दुसऱ्याने मोठे नाव चिकटवले. नियतीचा नाही, नियतेचा फरक म्हणा.

आता गेम. निन्टेन्डो या जपानी कंपनीने १९८३ मध्ये फॅमिकॉम नावाचे यंत्र काढले. आमच्याकडे नव्वदच्या दशकात कॅम्पातल्या दुकानांत जे 'टीव्ही गेम' म्हणून मिळायचे ते बहुतेक याचेच नकली भाऊबंद. अस्सल यंत्र विकायला त्या कंपनीने आमच्या गावात दुकान उघडले नव्हते, आणि उघडले असते तरी गिरणी किंवा कारखान्यातल्या कामगाराच्या पगारात ते बसले नसते. त्या नकली खोक्याने एका पिढीला मारिओ दाखवला, कॉन्ट्रा दाखवला. आमच्या मोहल्ल्यात भाड्याने तासावर खेळायला मिळे. पुढे जी पोरे संगणकाकडे वळली त्यांतल्या कित्येकांचा पहिला बोट-व्यायाम तिथेच झाला. त्या पोरांना गुन्हेगार म्हणायला माझी जीभ रेटत नाही. जिथे विकणाऱ्याने दार उघडलेच नाही, तिथे खिडकीतून डोकावणाऱ्यावर दरोड्याचे कलम लावता येत नाही.

परंतु त्याच खोक्याबरोबर एक कॅसेट यायची, तिच्यावर '९९९९ गेम' छापलेले. आत खरे गेम मूठभर. एकच मारिओ पहिल्या पायरीपासून, मग दुसऱ्या पायरीपासून, मग तिसऱ्या, असा नवे नाव देऊन मोजलेला. जपानच्या कंपनीचे नुकसान झाले असेल ते असो. मला राग येतो तो त्या नऊ हजार नऊशे नव्व्याण्णवचा. खाऊचे पैसे जमवून आलेल्या मुलाला तो सरळ फसवणारा आकडा होता.

ती सबब आता तशी उरलेली नाही, हेही भाच्याला सांगावे लागते. संगणकावरचे गेम विकणाऱ्या स्टीमने २०१५ पासून भारतात रुपयांत भाव लावले, आणि ते अमेरिकेपेक्षा पुष्कळदा कमी असतात. शिवाय पलीकडे आता फक्त जपानी-अमेरिकी शेठ बसलेला नाही. २०२० मध्ये पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 'राजी' नावाचा गेम काढला. तो पुरा व्हावा म्हणून संस्थापकांपैकी एकीने राहता फ्लॅट विकला. तो गेम कोणी फुकट उतरवून घेतला, तर 'मूळ तसेच राहते' हे वाक्य त्या बाईंच्या तोंडावर म्हणता येईल का? आपल्या मराठी मुस्लिम लेखकांचे पाहा. पाचशे प्रतींची आवृत्ती, अर्ध्या प्रती सप्रेम भेट, आणि उरलेल्या विकायच्या आत कोणीतरी पीडीएफ करून व्हॉट्सअॅपवर सोडतो. वाचक वाढल्याचा आनंद आणि छपाईचे कर्ज, दोन्ही एकाच संदेशातून येतात.

माझ्या शौकाने या प्रश्नावर मला किताबांइतकेच दिले आहे. 'स्टार ट्रेक' या अमेरिकन मालिकेच्या १९८७ च्या पर्वात रेप्लिकेटर नावाचे कपाट आहे. चहा म्हणा, चहा. फुलदाणी म्हणा, फुलदाणी. सगळेच नकली, म्हणून कोणालाच कमीपणा नाही. उल्हासनगरच्या माणसाला हे स्वप्न लगेच कळेल. पण गंमत पाहा, त्याच विश्वातल्या फेरेंगी व्यापाऱ्यांचे चलन लॅटिनम नावाच्या द्रव्याचे आहे, आणि त्याची नक्कल रेप्लिकेटरला करता येत नाही. सगळ्याची नक्कल होते तिथेही व्यवहारासाठी नक्कल न होणारी एक गोष्ट लेखकांना लागलीच.

त्याहून जास्त मी 'व्हॉयेजर' मालिकेतल्या २००१ सालच्या एका भागावर विचार केला आहे. त्यात जहाजावरचा डॉक्टर हा माणूस नाही, प्रकाशाने बनवलेला प्रोग्राम आहे. तो एक कादंबरी लिहितो. प्रकाशक त्याच्या संमतीशिवाय कच्चा मसुदाच वाटून टाकतो आणि म्हणतो, यंत्राला कसला आलाय हक्क? निवाडा देणारा डॉक्टरला माणूस ठरवायला धजत नाही, पण कलावंत ठरवतो आणि सगळ्या प्रती परत मागवायला सांगतो. शेवटच्या दृश्यात त्याच डॉक्टरच्या चेहऱ्याच्या पुष्कळ नकला एका खाणीत घण मारताना दिसतात, आणि त्यांतला एक दुसऱ्याला ती कादंबरी अनुभवून पाहा म्हणतो. ज्याची नक्कल झाली त्याचे काय झाले, हे दाखवणारे दुसरे इतके जळजळीत दृश्य मी टीव्हीवर पाहिलेले नाही.

त्या वेळी वाटायचे, हा प्रश्न दोन-तीनशे वर्षांनी येईल. आज उलटे झाले आहे. यंत्राचे हक्क राहिले बाजूला, यंत्रच माणसांचे लिहिलेले, काढलेले सारे गिळून त्यासारखे नवे काढते आहे. २०२५ च्या मार्चमध्ये साऱ्या जगाने आपापले फोटो जपानच्या जिब्ली स्टुडिओच्या चित्रांसारखे करून घेतले. त्यात माझ्या नात्यातल्या दोन लग्नांचे फोटोही होते. २०२४ च्या नोव्हेंबरात एएनआय या वृत्तसंस्थेने ओपनएआयविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला, की आमच्या बातम्या न विचारता यंत्राला शिकवायला वापरल्या. कंपन्यांचे म्हणणे असे, की आम्ही काही नेले नाही, आम्ही केवळ शिकलो, मूळ तसेच आहे.

हे वाक्य वाचून मी भाच्याला फोन केला. म्हटले, "बाळा, तुझा वकील मोठा झाला." तो हसला नाही. कॅम्पातला गरीब कारागीर श्रीमंताच्या वस्तूची नक्कल करतो तेव्हा पोलीस छापा घालतात. श्रीमंत कंपनी लाखो गरीब लेखकांची नक्कल करते तेव्हा तिला प्रगती म्हणतात. माझ्या मते दोघांना एकच कसोटी लावावी. कोणाकडून घेतले ते सांगितले का, आणि ज्याची चूल त्यावर पेटते त्याला विचारले का. वर्राकाने पहिली कसोटी पाळली. दुसरी त्याच्यापुढे फारशी आलीच नाही, कारण युक्लिड मरून हजार वर्षे होऊन गेली होती. आपल्याला ती सवलत नाही.

भाच्याच्या दुकानात फुटलेल्या स्क्रीनच्या जागी बहुधा फर्स्ट कॉपी डिस्प्ले बसतो. गिऱ्हाइकाला परवडतो तो तोच, आणि चालतोही वर्ष-दीड वर्ष. त्यात मला गैर दिसत नाही. त्याच्या शेठचा आग्रह असा, की विचारले तर ओरिजिनल सांगायचे. गेल्या रमजानपासून भाच्याने बिलावर आपल्या हाताने 'कॉपी' लिहायला सुरुवात केली. महिन्याभरात तीन-चार गिऱ्हाइके बिल पाहून समोरच्या दुकानात गेली. तिथे तोच डिस्प्ले, त्याच होलसेलवाल्याकडून आलेला, ओरिजिनल म्हणून बसतो. शेठने अजून त्याला काढलेले नाही, पण बिलबुक गल्ल्याच्या कप्प्यात कुलूप लावून ठेवायला सुरुवात केली आहे. आता तो ते तोंडी सांगतो.