दटावल्यानंतरचे सात श्लोक



आजचं वाचन : गीता, अध्याय २, श्लोक २ ते १०.

यातला तिसरा श्लोक आपल्याला पोस्टरवरून पाठ असतो. मनाचा दुबळेपणा टाक आणि ऊठ, असं भगवंत अर्जुनाला सांगतात तो. जिमच्या भिंतीवर, अभ्यासिकेत, व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर तो दिसतो. त्यापुढचे सात श्लोक मात्र कोणी लावत नाही, कारण त्यात अर्जुन उठत नाही. तो वाद घालतो, भीक मागून जगेन म्हणतो, इंद्रियं सुकवणारा हा शोक कशाने जाईल ते दिसत नाही म्हणतो आणि शेवटी 'मी लढणार नाही' असं सांगून गप्प बसतो. म्हणजे साक्षात भगवंतांच्या तोंडून आलं, तरी नुसत्या दटावण्याने काम झालं नाही.

हे आज लिहायचं कारण सांगतो. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात इथलं चिंतन अडीच महिने बंद होतं. ज्यांनी मेसेज केले त्यांना मी 'रिलीज चालू आहे' असं कळवलं होतं. ते खोटं होतं. रिलीज जूनमध्येच संपलं होतं. मी रोज विरार स्टेशनला जायचो आणि बाकड्यावर बसून राहायचो. एक लोकल सोडायची, मग दुसरी. रात्री तीनला जाग यायची ती यायचीच. जेवणाला चव नाही, कोडची एक ओळ चार वेळा वाचली तरी डोक्यात शिरत नव्हती.

आमच्या हरिपाठातल्या एका काकांना थोडंसं सांगितलं. माझ्यावर जीव आहे त्यांचा. म्हणाले, "अरे, नाम कमी पडतंय तुझं. माळा वाढव." वाढवल्या. चारच्या अकरा केल्या. पण ओठ हलायचे आणि आत काहीच नाही, मग 'देवाचं नावसुद्धा मनापासून घेता येत नाही, इतका मी वाया गेलेलो' हा विचार यायचा. या आजारात मन कशाचीही काठी करून स्वतःला मारतं, जपमाळेचीसुद्धा. त्यात नामाचा दोष नाही.

मध्ये मला असंही वाटलं, की हे वैराग्यच आलं असावं. काही नको वाटतं, कोणी नको वाटतं, हेच ना ते? बायको म्हणाली, "वैराग्य आलंय तर रात्री उठून रडतोस कशाला?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. समुपदेशकाची अपॉइंटमेंट तिनेच घेतली, वसईत.

मला वाटलं होतं, तिथेही उपदेशच असणार. पण पहिल्या तासात त्या ताईंनी उपदेश असा केलाच नाही. झोप, भूक, काम, घर यांबद्दल विचारलं. मग पीएचक्यू-९ नावाचा नऊ प्रश्नांचा कागद भरायला दिला : गेल्या दोन आठवड्यांत हे किती वेळा झालं? माझे २७ पैकी १७ आले. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल असतो. मी 'काही दिवस' वर खूण केली. हे मी घरी बोललो नव्हतो. ज्ञानेश्वरी उघडून बसायचो, तिच्यापुढेही कबूल केलं नव्हतं. ताई दचकल्या नाहीत. त्यांनी सरळ विचारलं, मी सरळ सांगितलं आणि खूप दिवसांनी श्वास पुरल्यासारखा वाटला. असं विचारल्याने माणसाच्या डोक्यात तो विचार शिरतो, हा आपला गैरसमज आहे.

त्यांनी मला मानसोपचारतज्ज्ञांकडेही पाठवलं. गोळ्या सुरू झाल्या. त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, त्यामुळे चौथ्या दिवशी 'काही होत नाही' म्हणून सोडायच्या नसतात, आणि बरं वाटल्यावर मनानेही बंद करायच्या नसतात. तासांमधलं काम साधं होतं. घडलं काय, मनात आलं काय, त्या विचाराला पुरावा काय, हे वहीत लिहायचं. 'मी वाया गेलो' ही लॉगमधली एक ओळ आहे, रूट कॉज नव्हे, हे मला माझ्या भाषेत कळायला पाच-सहा तास गेले. शिवाय मन लागो न लागो, रोज वीस मिनिटं चालायचं. आधी बरं वाटेल आणि मग चालेन, हा क्रम या आजारात उलटा धरावा लागतो.

ठाण्यात १९९० मध्ये आयपीएच ही मानसिक आरोग्य संस्था सुरू करणाऱ्या डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या नैराश्यावरच्या पुस्तकाचं नाव 'विषादयोग' आहे, म्हणजे गीतेच्या पहिल्या अध्यायाचंच. तरी 'गीता म्हणजे समुपदेशन' असं सरसकट म्हणणं मला पटत नाही. अर्जुनाचा विषाद एका प्रसंगातला, काही घटकांचा. आजार आठवडे, महिने मुक्काम करतो. पण बरं करण्याची रीत मात्र बघण्यासारखी आहे. दहाव्या श्लोकात भगवंतांचा सूर बदलतो, ते हसल्यासारखे होऊन बोलू लागतात. माऊलींनी इथे त्यांना वैद्याची उपमा दिली आहे. मग अर्जुन तेच तेच प्रश्न विचारतो आणि त्याला 'किती वेळा सांगू' असं कोणी म्हणत नाही. अठराव्या अध्यायात सगळं सांगून झाल्यावर भगवंत म्हणतात, यावर नीट विचार कर आणि तुला वाटेल तसं कर.

'गीतेतच म्हटलंय ना, स्वतःचा उद्धार स्वतःच करावा, मग डॉक्टर कशाला?' असं मला एकाने विचारलं होतं. आहे, सहाव्या अध्यायात पाचवा श्लोक. पण तो कोणाला सांगितलाय? ज्याने दुसऱ्या अध्यायात 'मला कळत नाही, मला शिकवा' असं म्हणून मदत मागितली होती, त्याला.

निम्हान्सच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात दर वीस माणसांमागे एकाला नैराश्याने गाठलेलं असतं. विरार फास्टच्या डब्यात वीस माणसं तर दाराशीच उभी असतात.

काकांना मी हे सगळं मागच्या महिन्यात सांगितलं. थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग विचारलं, "फी किती घेतात रे?" मला जरा राग आला. दोन दिवसांनी कळलं, ते घरातल्या कोणासाठी तरी विचारत होते. त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहितो : नायर हॉस्पिटल मुंबई सेंट्रल स्टेशनजवळच आहे, तिथल्या मानसोपचार ओपीडीत थोड्या पैशांत केसपेपर निघतो. आणि जायच्या आधी नुसतं बोलायचं असेल तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन, १४४१६, मोफत, रात्री तीनलासुद्धा, मराठीत.

उद्या श्लोक ११ पासून.