गोंदण आणि शुद्धलेखन

माणसाने आयुष्यात कायमच्या गोष्टी फार थोड्या ठरवाव्यात आणि त्यातल्याही जमतील तितक्या दुसऱ्यांवर सोपवाव्यात, असे माझे प्रामाणिक मत आहे. माझे नाव आत्याने ठेवले, नोकरी काकांनी लावून दिली आणि लग्न पोह्यांच्या एका बशीत ठरले. पडद्यांचा रंग तेवढा माझ्यावर सोपवला होता. तो तीन वर्षे ठरला नाही. शेवटी हिने पडदेच आणून टांगले.

अशा माणसाकडे भाचीने यावे आणि म्हणावे, "मामा, मला टॅटू काढायचाय. कुठला शोभेल, तूच सांग."

"अगं, ह्यांना काय विचारतेस?" स्वयंपाकघरातून आवाज आला. पण पोरीला आईपुढे विषय काढायचा धीर नव्हता आणि सुईपुढे एकटीने बसायचा त्याहून नव्हता. तेव्हा मामा.

दुकान कसले, दवाखानाच तो! हातमोजे काय, पाकीटबंद सुया काय! मी सवयीने दोनदा खोकून घेतले. एका दाढीवाल्या तरुणाने पुढ्यात जाडजूड आल्बम ठेवले आणि विचारले, "स्टाइल कुठली हवी?" मी आजवर समजत होतो की टॅटू म्हणजे टॅटू. पण गाण्यासारखी इथेही घराणी निघाली. जाड काळ्या रेघांतले नांगर नि पाकोळ्या हे अमेरिकन खलाशांचे जुने घराणे. जपानी घराण्याचा विस्तार मोठा. ड्रॅगन, मासे आणि लाटा पाठभर ख्यालासारख्या पसरत जातात. पॉलिनेशियन म्हणजे भरीव काळ्या नक्ष्या. 'टॅटू' हा शब्दच मुळी ताहिती बेटांवरच्या 'टाटाउ'वरून आला. जलरंग नावाच्या प्रकारात रेघच नसते, नुसते रंग सांडलेले. आमच्या लहानपणी असे अंगावर सांडले की धपाटा मिळत असे.

भाचीला केसाएवढ्या बारीक रेघेचे पीस आवडले. दाढीवाला म्हणाला, "आज छान दिसेल. पण शाई वर्षानुवर्षं कातडीत थोडी थोडी पसरते. बारीक काम फार दाट असलं की पुढे त्याचा डाग होतो. असं करा, हे चित्र कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. रोज बघा. वर्षभरात कंटाळा आला नाही, तर या."

आलेले गिऱ्हाईक परत पाठवणारा दुकानदार मी पुण्यातही पाहिलेला आहे. पण तो इतक्या चांगल्या कारणासाठी पाठवत नाही.

घरी येताना माझ्या डोक्यात एक प्रश्न घुसला. 'मला शोभेल का' असे आपण विचारतो. पण मला म्हणजे कुठल्या मला? अठराव्या वर्षी मी एका नटाचा चेहरा गोंदवून घेतला असता. बाविसाव्या वर्षी क्रांतीची घोषणा. तिसाव्या वर्षी, बढतीच्या आशेने, साहेबांचे नाव. आज माझे अंग निवडणुकीनंतरच्या भिंतीसारखे दिसले असते! चोवीस वर्षांच्या मुलीने सही करायची आणि हप्ते सत्तर वर्षांच्या म्हातारीने फेडायचे, हा कुठला न्याय? त्या म्हातारीला कुणी विचारले आहे का?

आणि तिथेच मला आजीचा हात आठवला.

आजीच्या डाव्या हातावर तुळशीवृंदावन होते आणि त्याच्याखाली आजोबांचे नाव. जत्रेत एका गोंदणारणीने सुया एकत्र बांधून काजळी टोचली, तेव्हा आजी चौदा वर्षांची. आल्बम नव्हता, स्टाइल नव्हती. सासूबाईंनी सांगितले ते काढले. नावाची मात्र पंचाईत झाली. गोंदणारणीला अक्षरओळख नाही, आजीलाही नाही. शेवटी दुसरीतल्या एका पोराने धुळीत लिहिले ते तिने तसेच हातावर उतरवले. पोराने लिहिले होते, 'विश्नू'.

आजोबा शाळामास्तर! 'षटकोनातला ष' म्हणून वर्गाला बजावणारे! जन्मभर त्यांनी गावाच्या चुका लाल शाईने सुधारल्या. घरात वाढणाऱ्या हातावरची चूक हिरवीच राहिली. आजीला ते नाव वाचता येत नव्हते आणि रीतीप्रमाणे उच्चारताही येत नव्हते. ते नुसते होते.

आजोबा गेले. त्या काळच्या निर्दयपणाने कुंकू पुसले, बांगड्या फुटल्या, मंगळसूत्र उतरले. नाव तेवढे कुणाला उतरवता आले नाही. गोंदण हा एकच दागिना बाईबरोबर जातो, असे म्हणायची पद्धत होती. आजी दुपारी त्याच्यावरून अंगठा फिरवत बसे. मी तेव्हा चौथीत, म्हणजे आयुष्यातल्या सर्वांत शहाण्या वयात. म्हटले, "आजी, हे चुकलंय."

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "ते रोज हात धरून सांगायचे ना!"

परवा वाचनात आले की गोंदणाची शाई कातडीतल्या ज्या पेशींनी धरून ठेवलेली असते, त्या काही अमर नसतात. २०१८ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी उंदरांवर पाहिले, की जुन्या पेशी मेल्या की सुटलेली शाई नव्या पेशी गिळून घेतात. खूण तीच, सांभाळणारे बदलत राहतात. वाचून मला जरा बरे वाटले. चौदा वर्षांच्या पोरीला कुणी विचारले नव्हते, ते वाईटच झाले. पण पुढच्या साऱ्या वयांतल्या आज्यांनी ते नाव एकमेकींकडून हातात घेतले, आणि मग ते तिला शोभले. आधी शोभते म्हणून कुणी सांभाळत नसावे; सांभाळता सांभाळता शोभायला लागत असावे. पडद्यांचेही तसेच झाले.

भाचीच्या कपाटातले पीस दोन महिन्यांत उडाले. सध्या तिथे तुळशीवृंदावन आहे. चार महिने झाले.

काल मी हिला म्हटले, "तुझं नाव गोंदवून घ्यावं म्हणतो."

"या वयात?" ही म्हणाली. मग बऱ्याच वेळाने आतून आवाज आला, "अहो, पण आधी कागदावर लिहून मला दाखवा. तुमचं शुद्धलेखन मला ठाऊक आहे."

एखादी वेलांटी मुद्दाम चुकवावी की काय, याचा मी विचार करतो आहे.