बोट किती अ‍ॅव्हरेज देते?

'दुसऱ्याच्या दुःखात सहभागी व्हावे' हे वाक्य आमच्या शाळेच्या फळ्यावर महिन्यातून एकदा तरी लिहिलेले असे. हा दुसरा कोण, त्याची मिळकत किती आणि त्याचे दुःख कोणत्या दर्जाचे असले म्हणजे आपण सहभागी व्हायचे, याचा खुलासा मात्र फळ्यावर कधी नसे. त्यामुळे २०२२ सालच्या जून महिन्यात अमेरिकेहून भाच्याचा फोन आला आणि तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "मामा, पेट्रोल इतकं महागलंय की बोट बाहेर काढायची सोय राहिली नाही," तेव्हा मला सहभागी होणे जमले नाही. मी हसलो. चांगला मोठ्याने हसलो.

हा भाचा लातूरचा. लातूर पॅटर्नमधून तावून सुलाखून निघालेला. पहाटे चारला उठून गणिते सोडवता सोडवता एक दिवस मिनेसोटात जाऊन पोहोचला. त्या राज्यात मोटारीच्या नंबरपाटीवरच 'दहा हजार तळी' असे छापलेले असते म्हणे. आमच्या लातूरच्या पाटीवर नुसतेच एमएच चोवीस. तळ्यांबद्दल अवाक्षर नाही, आणि तेच खरेपणाला धरून आहे.

तर या लातूरच्या पोराने तिकडे मोटरबोट घेतली होती. जुनीच, पण दीडशे हॉर्सपॉवरची. हसू आवरल्यावर मी मराठवाड्यातला माणूस कुठल्याही वाहनाबद्दल जो पहिला प्रश्न विचारतो, तो विचारला.

"किती अ‍ॅव्हरेज देते रे?"

"मामा, बोटीचं अ‍ॅव्हरेज रस्त्यावर मोजत नाहीत. तासावर मोजतात."

हे मला नवीन होते. मग त्याने समजावून सांगितले. रस्त्यावर गाडी एकदा पळू लागली की चाके घरंगळत तिला पुढे नेतात. पाणी तसे नाही. ते सतत आडवे येते. वेग वाढवावा तसा त्याचा विरोध वेगापेक्षाही जास्त वाढतो. दीडशे हॉर्सपॉवरचे इंजिन पुरे पिळले, तर तासाला पंधरा गॅलन पेट्रोल पिते. म्हणजे सत्तावन्न लिटर! एवढ्या पेट्रोलात माझी स्कूटर नांदेडहून मुंबईला जाऊन परत येईल आणि वर आमची वर्षाची भाजीही आणेल.

"आणि गॅलनला पाच डॉलर झालेत, मामा. असं कधी झालं नव्हतं."

मी पेन्सिल घेतली. तेव्हा डॉलर अठ्ठ्याहत्तर रुपयांच्या आसपास होता. हिशेब लिटरला एकशे तीन रुपये निघाला. त्या वेळी आमच्या पंपावर काटा एकशे अकराच्या वर होता. म्हणजे ज्या भावाने अमेरिकेत हाहाकार उडाला होता, तो भाव नांदेडात मिळता तर आम्ही पेढे वाटले असते. फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर चाल केली, कच्च्या तेलाचे पिंप शंभर डॉलरच्या वर गेले, आणि त्याचे शिंतोडे मिनेसोटाच्या तळ्यावर नि माझ्या स्कूटरवर एकदमच उडाले. पेट्रोल हा पदार्थच तसा सर्वांना एका पंगतीला बसवणारा. १९७३ साली अरब राष्ट्रांनी तेल आवळले, तेव्हा इकडे दिल्लीत अटलबिहारी वाजपेयी भाववाढीच्या निषेधार्थ बैलगाडीतून संसदेत गेले होते. बैलाचेही अ‍ॅव्हरेज तासावरच मोजतात, पण ते कडब्यात.

लातूरला ताईला फोन केला तर ती माझ्याही पुढची निघाली. "मलाही रडून दाखवलं त्यानं. मी म्हटलं, बाळा, तुझ्या आईनं रेल्वेनं आलेलं पाणी प्यालंय, आणि तू पाण्यावर फिरायला मिळत नाही म्हणून रडतोस?"

ताईचे बरोबर होते. २०१६ सालचा तो उन्हाळा लातूरकर विसरणे शक्य नाही. मांजरा धरण कोरडे पडलेले. पाण्याच्या टाक्यांपाशी मारामाऱ्या होतील म्हणून मार्चमध्ये जमावबंदी लावलेली. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली गाडी लातुरात आली. दहा डबे, सुमारे पाच लाख लिटर. माणसे पाहुण्याला घ्यायला जावे तशी पाण्याला घ्यायला स्टेशनवर गेली होती. त्या गावच्या पोराने पेट्रोलपायी बोट निघत नाही म्हणून गळा काढावा, हे म्हणजे दुष्काळी कामावर जाऊन जिलबी कडक निघाल्याची तक्रार करण्यासारखे झाले. आम्ही बहीणभाऊ फोनवर पंधरा मिनिटे त्याला हसलो. दुसऱ्याच्या दुःखात आम्ही असे सहभागी झालो.

पुढच्या रविवारी मी अंगणात स्कूटर पुसत होतो. आमचा एक जुना नेम आहे. रविवारी संध्याकाळी मी आणि सौभाग्यवती विष्णुपुरीला जातो. गोदावरीवरच्या बंधाऱ्यामागे शंकर सागर जलाशय पसरला आहे, तिथे उभे राहतो, पाण्याकडे बघतो, मिळाल्या तर भुईमुगाच्या शेंगा खातो आणि परत येतो. काम काही नाही. घरी येऊन सांगण्यासारखेही काही नाही. पण भाव वाढल्यापासून हा नेम महिन्यातून एकदावर आला होता, आणि तेच मी जरा करुण स्वरात शेजाऱ्यांना ऐकवत होतो. आमच्याकडे धुणेभांडी करणाऱ्या बाई बादली घेऊन तिथेच थांबल्या.

"काका, तुम्ही पाणी बघाया जाताव?"

"हो."

"पेट्रोल जाळून?"

"हो."

"घरी नळाला येतंय की!"

आणि त्या हसल्या. अगदी ओळखीचे हसू. आठ दिवसांपूर्वी मी भाच्याला पाठवले होते तेच, नांदेडच्या पत्त्यावर परत आलेले.

मी चिडून म्हणालो, "अन् तुम्ही माळेगावच्या यात्रेला जीपनं जाता, ते?" डिसेंबरातल्या खंडोबाच्या यात्रेला जीपवाल्याने भाडे वाढवले म्हणून बाई दोन दिवस कुरकुरत होत्या, ते माझ्या लक्षात होते.

"अगं बया, देवाला जाणं म्हणजे काय चैन हाय का?" बाई म्हणाल्या. मग बादली उचलता उचलता आपल्याशीच पुटपुटल्या, "सासूबी तसंच म्हनते. देव घरात न्हाई का म्हनते."

मी स्कूटर पुसायची थांबवली आणि विचारात पडलो. गरज कुठे संपते आणि चैन कुठे सुरू होते, यावर विचारवंतांनी ग्रंथ लिहिले असतील. पण ही रेघ प्रत्येक जण स्वतःच्या चपलेला लागून मारतो आणि आपण नेमाने अलीकडच्या बाजूला उभा राहतो. आपल्यापेक्षा एक लिटर जास्त जाळणारा तो उधळ्या. आपल्यापेक्षा एक लिटर कमी जाळणारा तो चिक्कू. योग्य तेवढे पेट्रोल जाळणारा माणूस जगात एकच, आणि तो आत्ता स्कूटर पुसतो आहे.

म्हणून सगळी दुःखे सारखीच, असे म्हणायलाही माझी जीभ रेटत नाही. डिझेल वाढले की लोह्याकडच्या माझ्या मित्राचा नांगरटीचा खर्च एकरामागे वाढतो, आणि तो काही ट्रॅक्टर शेडमध्ये झाकून ठेवून 'यंदा नाही जमत' असे म्हणू शकत नाही. त्याला कर्ज काढावे लागते. भाच्याला बोट झाकून ठेवता येते. मला स्कूटर झाकून ठेवता येते. ज्याला झाकून ठेवता येते, त्याने मित्रासमोर गळा काढू नये, एवढी लाज माणसाला असावी. पण झाकून ठेवलेल्या वस्तूकडे बघून त्याला वाईट वाटले, तर त्याला हसायचा अधिकार तरी मला कुठून आला? कोणाचे दुःख आधी निवारायचे याचा क्रम लावता येतो, लावावाही. पण ते दुःखच नव्हे, असा निकाल परस्पर देणे वेगळे.

रात्री मीच भाच्याला फोन लावला. इकडचे तिकडचे झाल्यावर विचारले, "काय रे, बोटीत बसून करतोस तरी काय?"

तो जरा वेळ बोललाच नाही. त्याला वाटले, मामा परत हसणार. मग म्हणाला, "काही नाही हो. तळ्याच्या मधोमध जातो आणि इंजिन बंद करतो. लहानपणी आई मला रात्री दोनला उठवून हापशावर नंबर लावायला पाठवायची, आठवतं? घागर ठेवून तिच्यावरच झोपायचो. पुढच्यानं ढकललं की जागा व्हायचो. इथं मधोमध बसलो की चारी बाजूंनी पाणी. कुणाचा नंबर नाही, कुणी ढकलत नाही. तेवढ्यासाठी घेतली मामा, पळवायला नाही."

मला काही बोलता येईना. ही हापशाची गोष्ट मला ठाऊक होती. बोट का घेतलीस, हे मात्र मी त्याला कधी विचारलेच नव्हते. विचारले होते ते अ‍ॅव्हरेज.

"मग हळू ने की," मी शेवटी म्हणालो. "वेग कमी केला की कमी पिते, असं तूच म्हणालास ना?"

"तेच करतोय आता. दहा मिनिटं हळूहळू जायचं आणि दोन तास नुसतं तरंगायचं."

ही गोष्ट मी ताईला कळवली. ती हसली नाही. "येडं पोरगं," एवढेच म्हणाली आणि पदराने नाक पुसल्याचा आवाज आला.

आम्हीही विष्णुपुरीचा नेम पुन्हा सुरू केला आहे, पंधरा दिवसांतून एकदा. जायचेच तर लगेच परतायचे नाही, असे ठरवले आहे. अंधार पडेपर्यंत कट्ट्यावर बसतो. परवा तिथल्या शेंगावाल्याने ओळखीने विचारले, "साहेब, लई जुनी स्कूटर हाय. किती अ‍ॅव्हरेज देते?"

मी म्हणालो, "अर्ध्या लिटरला दोन तास."

त्याने माझ्याकडे एकदा आणि स्कूटरकडे एकदा बघितले, आणि तो हसला. हसू दे. घरी गेल्यावर तोही कुणाला तरी ऐकवेल, आणि मग त्याचाही एखादा नेम निघेल.